दहावीचा इंग्रजीचा तास

आश्रमशाळा, कुसुमटोला
१६ जुलै २०२५, बुधवार, सकाळी १०.४०

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

आत्ता स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तांदळातले खडे वेचत होतो. ताट बाजूला सारून लिहायला घेतले, म्हणून कागदाला कोंडा लागला असेल. माफ करावे.

मी योगराज उईके. सौंदडच्या शाळेत खिडकीजवळच्या बाकावर बसायचो. तुम्ही मला ‘स्पेलिंगवाला’ म्हणत होता. अकरावी मी मधेच सोडली. आता या आश्रमशाळेत कामाठी आहे, म्हणजे पाणी, झाडलोट, किराणा आणि मुलांची अंथरुणे हे माझे काम. तुम्हाला ऐकू येणे बंद झाले असे कळले. तुमचा फोनही बटनाचा आहे म्हणतात. म्हणून पत्र लिहितो.

दहावीत अकरा मुले आहेत. त्यात दिव्या कुंभरे नावाची मुलगी आहे. तिच्या टोल्याच्या वस्तीतली एकही मुलगी आजवर दहावी पास झालेली नाही. ही होणार म्हणते. इंग्रजीचे सर सध्या रजेवर आहेत, म्हणून ती काल पुस्तक घेऊन माझ्याकडे आली.

“दादा, इथं ‘अँड’च्या आंधी कॉमा हाये. खालच्या लाइनीत ‘अँड’ हाये पन कॉमा नाई. काऊन?”

मी दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. शब्दांत एकही चूक नव्हती, पण कॉमाचे कारण मला सापडले नाही. मी म्हणालो, उद्या सांगतो.

“उद्या म्हंजे कोणता उद्या? गणिताच्या सरचा उद्या त अजून आलाच नाई.”

सर, जोडणाऱ्या शब्दाच्या आधी कॉमा कधी द्यायचा आणि कधी नाही, हे मला समजेल असे लिहाल का? चुकीचे सांगायची मला फार भीती वाटते. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवले आहे.

आपला नम्र,
योगराज उईके

*

सौंदड
२४ जुलै २०२५

प्रिय योगराज,
आशीर्वाद.

तुला कसा विसरेन? एकदा फळ्यावर मीच स्पेलिंग चुकलो होतो, आणि तू उभा राहून ते मला सांगितले होतेस. ऐकू येत नाही याचा एक फायदा झाला आहे. आता कोणी मला चुकीचे इंग्रजी ऐकवू शकत नाही.

कॉमाचे असे आहे. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ यांच्यापैकी एखादा शब्द वाक्याच्या मधे आला, की डावी बाजू बोटाने झाकायची आणि उजवी एकटी वाचायची. तिला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद आहे का? ती एकटी उभी राहते का? राहत असेल तर जोडाच्या आधी कॉमा. ‘द रेन स्टॉप्ड, अँड वी वेंट होम.’ थांबला पाऊस, गेलो आपण. कर्ते दोन, म्हणून कॉमा. आता हे पाहा: ‘वी शट द डोअर अँड वेंट होम.’ दारही आपणच लावले आणि गेलोही आपणच. उजव्या बाजूला कर्ता नाही, म्हणून कॉमा नको.

पोरांना असे सांग. धानाच्या शेतात दोन बांध्या असल्या आणि दोघींचे पाणी वेगळे असले, तर मधे मातीचा धुरा घालतात. एकाच बांधीच्या मधोमध कोणी धुरा घालतो का?

वाक्ये अगदी छोटी असली तर पुष्कळ लोक कॉमा गाळतात. पण हे पोरांना आताच सांगू नकोस. आधी धुरा घालायला शिकू दे, मग फोडायला.

तुझे सर रजेवरून आले की हे त्यांना दाखव. नाहीतर त्यांना वाटायचे, कामाठी आपल्या बांधीत शिरला.

तुझा,
कवडू हत्तीमारे

*

कुसुमटोला
१० ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,
प्रणाम.

तुमचे पत्र आधी वहीत उतरवले, मग फळ्यावर लिहिले. बांधीचे ऐकून मुले खूश झाली. फक्त दिव्याने हात वर केला.

“दादा, आमच्याकडं त बांधीच नाई. आमचं सारं जंगल. जंगलात धुरा कोठी रायते? मंग आमी कॉमा द्याव का नाई?”

सगळा वर्ग हसला. मागचा एक मुलगा म्हणाला, “तू फुलस्टॉपच दे, अन् घरी जाय.” तिने त्याला खोडरबर फेकून मारले. मग वहीत खाली मान घालून स्वतःचे वाक्य लिहिले: ‘ग्रँडमदर गोज टू द फॉरेस्ट, अँड आय रीड.’ कॉमा बरोबर जागी होता. मी ते वाक्य तपासले, पुन्हा तपासले, आणि मग बरोबरची खूण केली.

आता ती ‘बिकॉज’ घेऊन बसली आहे. ‘बिकॉज’च्या दोन्ही बाजू एकट्या उभ्या राहतात, मग पुस्तकात कॉमा का नाही? चौघांच्या वह्यांची पाने सोबत जोडली आहेत. माझे काही चुकले असेल तर लाल पेनाने लिहावे.

गुरुवारी इथला आठवडी बाजार असतो. त्या दिवशी सगळ्या टोल्यांचे लोक बाजार करून शाळेच्या फाटकावर येतात, आपापली मुले पाहतात आणि जातात. दिव्याची आजी फुलवंताबाई कधी चुकत नाहीत. या गुरुवारी भाजलेली कणसे घेऊन आल्या होत्या. मला विचारले, “माही नातीन वाचते का जी, का नुसती खाते?” मी म्हणालो, वाचते. त्यांनी एक कणीस माझ्याही हातात दिले.

आपला,
योगराज

*

सौंदड
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय योगराज,

‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’, ‘दो’ ही वेगळी जात आहे. हे शब्द ज्या बाजूला लागतात, ती बाजू लंगडी होते. ‘बिकॉज इट रेन्ड’ एवढेच म्हणून कोणी गप्प बसला, तर ऐकणारा विचारतो, मग काय झाले? लंगडी बाजू मागे असली तर बहुधा कॉमा नको. तीच पुढे आली, तर ती संपते तिथे कॉमा. ‘बिकॉज इट रेन्ड, वी स्टेड होम.’ या मुलीला सांग की तिचा प्रश्न चांगला आहे. माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आता माझा प्रश्न. ती पाने मी पाहिली. लाल खुणा तुझ्या हाताच्या आहेत. पाने हजेरीच्या क्रमाने लावली आहेत. प्रत्येकाच्या खाली ‘पुढील तासाला दुरुस्ती’ असे लिहिले आहेस. रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी कोणी इतके करत नाही.

योगराज, तो माणूस खरेच आहे का?

कवडू हत्तीमारे

*

कुसुमटोला
२९ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

तो माणूस नाही. गेल्या वर्षापासून इंग्रजीची जागा रिकामी आहे. तुम्ही रागवाल म्हणून मी रजा असे लिहिले.

जून महिन्यात मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला बोलावले. म्हणाले, “उईके, तुझं स्पेलिंग चांगलं आहे, तू तास घे बाबा. मी गणित पाहू, का इंग्रजी पाहू, का तांदूळ पाहू? कागदावर माझं नाव राहील. तू फक्त पोरं सांभाळ.” ते वाईट नाहीत, सर. गणित, विज्ञान आणि कार्यालय ते एकटेच ओढतात. मी म्हणालो, मला येत नाही. ते म्हणाले, “इथं कोणाले येते?”

तेव्हापासून सकाळी पाणी भरून मी तासावर जातो. फळ्यावर लिहायचे ते आधी वहीत लिहितो. तरी खडू हातात घेतला की पुन्हा वहीत पाहतो. मी चुकीचे शिकवले तर ते या मुलांच्या डोक्यात जन्मभर राहील. आणि मी शिकवले नाही तर तो तास नुसता रिकामा जाईल. दोन्हीकडून माझीच चूक होते.

कृपा करून हे कोणाला सांगू नका. मोठे सर म्हणतात, “वर विचारलं ना, त वरून मास्तर नाही येत, चौकशी येते.” फेब्रुवारीपर्यंत असेच चालू द्या. तुमच्या पत्रांवर आम्ही पेपर काढून नेऊ.

योगराज

*

सौंदड
८ सप्टेंबर २०२५

प्रिय योगराज,

मी तुझ्यावर रागावलो नाही. पण दहावीच्या मुलांना वर्षभर मास्तर नाही, आणि एका कामाठ्याने टपालाने व्याकरण मागवून वर्ग चालवायचा, हे मी गप्प बसून पाहणार नाही. मी आयुष्यभर जे शिकवले त्याचा मग उपयोग काय?

काल वरच्या कार्यालयाला पत्र टाकले. इंग्रजीत दोन पाने. तुझे नाव कुठेही नाही. ‘एक निवृत्त शिक्षक’ म्हणून लिहिले आहे. कुसुमटोल्याच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक तातडीने द्यावा, एवढीच मागणी केली. पत्र तीनदा वाचले. एक कॉमा इकडचा तिकडे नाही.

महिन्याभरात तुझा खडू सुटेल. दिव्याला खरा मास्तर मिळेल. तोवर तास सोडू नकोस.

तुझा,
कवडू हत्तीमारे

*

कुसुमटोला
१५ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,

पत्र परत घेता येते का? टपालात असेल तर थांबवता येते का? मी इथल्या पोस्टमनला विचारले. तो म्हणाला, टाकलेले पत्र टाकणाऱ्याचे राहत नाही. तुम्ही सौंदडच्या पोस्टात विचारून पाहाल का? कृपा करा.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’च्या आधी कॉमा द्यायचा का, असे दिव्याने विचारले आहे. तेही सवड झाली तर लिहावे.

योगराज

*

सौंदड
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय योगराज,

पेढे खा! आज कार्यालयाचे उत्तर आले. समोर ठेवूनच लिहितो आहे. ‘आपल्या पत्राची दखल घेण्यात आली असून सदर विद्यार्थ्यांच्या इंग्रजी विषयाच्या अध्यापनाची व्यवस्था करण्यात आली आहे.’ खाली सही आणि शिक्का. पाहिलेस? नीट लिहिलेले पत्र वाया जात नाही. तू उगाच घाबरलास.

पोस्टात विचारले होते. पण तू मागितलेस म्हणून विचारले, मनापासून नाही.

यादीचे असे: शेवटच्या ‘अँड’च्या आधी कोणी कॉमा देतात, कोणी देत नाहीत. एक पद्धत धरावी आणि ती सोडू नये. मी इतके पेपर तपासले, यासाठी मार्क कधी कापला नाही.

नवे मास्तर कसे आहेत ते कळव. कोणत्या कॉलेजातून शिकले ते विचार. दिव्याचे प्रश्न त्यांना झेपतात का तेही पाहा. दिवाळीच्या शुभेच्छा.

तुझा,
कवडू हत्तीमारे

*

कुसुमटोला
२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

तुमचे पत्र दिवाळीच्या सुटीत आले. मला लिहायला उशीर झाला, कारण काय लिहावे ते सुचत नव्हते.

मास्तर आले नाहीत. आधी चौकशीला दोघे जण जीपने आले. हजेरी पाहिली, मुले मोजली, मला बाहेर पाणी भरायला पाठवले. आठ दिवसांनी आदेश आला. मुले थोडी आहेत, शिक्षक नाही, म्हणून आमची दहावी बंद. अकराही मुलांचे समायोजन दुसऱ्या आश्रमशाळेत. तिथे इंग्रजीचे शिक्षक आहेत, ते खरे आहे. शाळा मोठी आहे, वसतिगृह पक्के आहे, बस जाते. मोठे सर मला एवढेच म्हणाले, “वर कोणी लिहिलं रे, उईके?” मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

सुटीनंतर मुले तिकडे पोचायची होती. तिकडच्या कामाठ्याला मी फोन केला. तीन मुलगे आले आहेत. मुलगी एकही नाही.

परवा दिव्याच्या गावाची दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होती, म्हणून गेलो. मैदानात दंडारीचा खेळ रंगला होता. दिव्याचे वडील बुधरामभाऊ पानठेल्याजवळ उभे होते. मी विचारले, पोरीला तिकडे काऊन नाही पोचवले?

“पाहाले कोण जाईल तिले? तिथला बाजार आमचा नोहोय.”

“बस जाते ना, भाऊ.”

“बस शाळेवर जाते जी. माणूस बाजाराले जाते. इथं होती त माही माय दर गुरुवारी पाहून ये. पोट्टी हाये, खाऊन राह्यली, वाचून राह्यली, दिसे. तिथं ताप आला त आमाले कोण सांगन?”

मी म्हणालो, मी सांगीन, फोन करीन. ते हसले. “तुमी त इथं हा.”

आदेशात अंतर लिहिले आहे, खाटा लिहिल्या आहेत, बाजार लिहिलेला नाही. तो कोणाला माहीतही नसेल.

तेवढ्यात दिव्या आली. डोक्याला नवी क्लिप होती. “दादा, आता कोणाले शिकवता?”

“कोणालेच नाई.”

“मंग मजा हाये तुमची. नुसतं पानी भरा, कॉमा नको अन् काई नको.” ती हसली, आणि मग तिने वडिलांकडे पाहिले. जानेवारीत ते सगळे मिरची तोडायला तेलंगणात जातात. दरवर्षी ती शाळेत राहायची, म्हणून मागे राहायची. या वर्षी शाळाच नाही, मग आजीजवळ तिला कशाला ठेवतील?

मी बुधरामभाऊंना तिचे आणि आजीचे बसभाडे दिले. म्हणालो, एकदा नुसती शाळा पाहून या, नाही आवडली तर परत या. त्यांनी पैसे सदऱ्याच्या खिशात ठेवले. “पाहू,” म्हणाले.

सर, तुम्ही चांगल्यासाठीच केले हे मला माहीत आहे. राग नाही.

योगराज

*

सौंदड
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगराज,

तुझे पत्र वाचून दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही. तसेही माझ्याशी कोणी फार बोलत नाही.

काल स्वतः कार्यालयात गेलो. टेबलावर एक तरुण होता. मी माझे म्हणणे सांगितले. मोठ्याने बोललो असेन, कारण सगळ्यांनी वळून पाहिले. तो उत्तर देत होता. त्याचे ओठ हलत होते, हातही हलत होते, पण माझ्यापर्यंत एक शब्द पोचला नाही. मी कागद पुढे केला. म्हटले, लिहून द्या बेटा. त्याने लिहिले: ‘समायोजन पूर्ण. अकराही विद्यार्थी पटावर आहेत. तक्रार निकाली.’

मी खाली लिहिले, ‘आठ मुले घरी आहेत.’ त्याने वाचले आणि लिहिले, ‘आजोबा, पालकांनी पाठवले पाहिजे ना?’ मला खुर्ची दिली, चहा मागवला. भला मुलगा होता. चहा पिऊन मी परत आलो. दुसरे काय करणार होतो?

आता कोणाला पत्र लिहू, ते तू सांग. माझ्याजवळ दुसरे हत्यार नाही, आणि हे मी वापरले की काय होते ते पाहिलेच.

दिव्याला मी टपालाने शिकवीन. रोज एक पान. तिचा पत्ता पाठव. मिरचीला गेली तर तिथला पाठव. आणि या सगळ्यात तुझा किती खर्च झाला तेही लिही. मी मनिऑर्डर करतो. नाही म्हणू नकोस.

कवडू

*

कुसुमटोला
११ जानेवारी २०२६, रविवार, सकाळी ७.१५

आदरणीय सर,
प्रणाम.

दहावीच्या खोलीत आता तांदळाची पोती ठेवतात. आत्ता तीच मोजून आलो आणि लिहायला बसलो.

तुमच्या पत्राचे उत्तर इतके दिवस दिले नाही, कारण बुधरामभाऊंच्या ‘पाहू’ची वाट पाहत होतो. फोन लागत नव्हता. तिकडच्या कामाठ्याला दर सोमवारी विचारत होतो. तो शेवटी कंटाळून म्हणाला, “आली त मीच सांगतो ना, बाप्पा.”

परवाच्या गुरुवारी फुलवंताबाई फाटकावर आल्या. आत त्यांचे कोणी नाही, तरी बाजार करून सवयीने इकडेच पाय वळले असतील. मी धावत गेलो.

“दिव्या कुठं आहे, आजी?”

“मिरचीले गेली. मंगळवारी गाडी आली होती.”

“शाळा पाहाले गेले होते का तुमी?”

“नाई जी. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणू म्हणू रायलं. मंग धान आलं, मंग गाडीच आली.” त्यांनी पदराची गाठ सोडून नोटा काढल्या. “बुधरामनं देल्ले. दुसऱ्याचा पैसा ठेवू नाई म्हणला.” मग फाटकातून आत पाहत राहिल्या. पोरे जेवायला बसली होती. थोड्या वेळाने म्हणाल्या, “जातो बाबा, बस निंगन.”

सर, तिचा पत्ता नाही. मी विचारला. फुलवंताबाईंना गावाचे नाव सांगता येत नाही. मुकादम आज या शेतात नेतो, उद्या त्या. मजूर जिथे काम तिथेच पाल ठोकून राहतात. तिथे टपाल कोणाच्या नावाने टाकायचे? तुम्ही पाने लिहून ठेवली असतील तर ठेवा. पावसाळ्याआधी ते परत येतात. तोवर परीक्षा होऊन गेलेली असेल. पटावर तिचे नाव आहे, म्हणजे निकालात ती गैरहजर म्हणून येईल.

मोठे सर म्हणाले, पुढच्या वर्षी नववीचेही असेच होईल.

मनिऑर्डर करू नका. तुम्ही विचारले म्हणून हिशोब लिहितो. दुकानदाराचे देणे मी पगारातून फेडीन.

वह्या, अकरा मुलांच्या: २७५ रुपये
खडू व लाल पेन: ६० रुपये
झेरॉक्स: ८८ रुपये
टपाल: ६५ रुपये
एकूण खर्च: ४८८ रुपये
पैकी रोख दिले: ३०८ रुपये
दुकानदाराचे देणे: १८० रुपये

बसभाड्याचे दिले: २४० रुपये
परत आले: २४० रुपये